आधी रियाजाची खोली, मग सुपारी

पुण्यात गाणं शिकायला येणाऱ्या मुलामुलींचे आईवडील पहिल्यांदा भाडं विचारतात, मग जेवणाची सोय, मग वर्गापासूनचं अंतर. हे प्रश्न रास्तच आहेत. पण गाणाऱ्या माणसाच्या बाबतीत त्यांच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा, तो म्हणजे या खोलीत सकाळी दोन तास मोकळ्या गळ्याने गाता येईल का? भाडं कमी, मेस चांगली, वर्ग पाच मिनिटांवर, पण तंबोरा लावला की शेजारचा भिंत ठोकतो, अशा खोलीत राहून गाणं शिकता येत नाही. कामाचंही तसंच. पैसे किती मिळतात हे पाहण्याआधी ते काम गळ्यातून किती काढून घेतं हे पाहावं लागतं. नव्या शहरात येणाऱ्या विद्यार्थ्याने हे दोन्ही हिशेब कसे मांडावेत, ते इथे सविस्तर सांगतो.

सुरुवात खोलीपासून करायची नाही, शिकण्याच्या जागेपासून करायची. पुण्यात संगीत शिकण्याची ठिकाणं एकमेकांपासून बरीच लांब आहेत. भास्करबुवा बखल्यांनी 1911 साली सुरू केलेला भारत गायन समाज जुन्या पेठांत आहे. विनायकबुवा पटवर्धनांनी 1932 साली काढलेलं गांधर्व महाविद्यालय शनिवार पेठेत आहे. विद्यापीठाचं ललित कला केंद्र 1987 साली सुरू झालं, ते गणेशखिंडीच्या आवारात आहे. टिळक महाराष्ट्र विद्यापीठ मुकुंदनगरला. शिवाय बहुतेक विद्यार्थ्यांची खरी तालीम संस्थेत होत नाही, गुरूंच्या घरी होते; आणि ते घर कोथरूडला, सिंहगड रोडला, औंधला, कुठेही असू शकतं. म्हणून आधी गुरू ठरू द्या, तालमीचे वार आणि वेळा ठरू द्या. मगच नकाशा उघडा.

इथे घाई करणारे पुष्कळ भेटतात. जूनमध्ये प्रवेश झाला की मिळेल ती जागा धरायची, वर्षाची अनामत भरून मोकळं व्हायचं, आणि ऑगस्टमध्ये गुरू ठरले की रोज दोन बस बदलत शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं. त्यापेक्षा पहिले तीन-चार आठवडे ओळखीच्या घरी किंवा महिन्याच्या बोलीवर कॉट घेऊन काढावेत. त्या काळात शहर कळतं, तालमीची घडी बसते, आणि आधीपासून शिकणारी मुलं भेटतात. चांगल्या जागांची खबर त्या मुलांकडेच असते. रियाजाला चालेल अशी खोली जाहिरातीत सापडत नाही. एक जण शिक्षण संपवून गावी निघतो आणि जाता जाता मालकांना सांगतो, "आमच्याच क्लासमधला एक मुलगा आहे, त्याला द्या." अशा खोल्या वर्षानुवर्षं गाणाऱ्यांच्याच हातांतून फिरत राहतात, कारण मालकांचे आणि शेजाऱ्यांचे कान त्या आवाजाला सरावलेले असतात.

आता जागांचे प्रकार. पेठांमध्ये 'कॉट बेसिस' हा पुण्याचा जुना शिरस्ता आहे. एका खोलीत तीन-चार लोखंडी कॉट, सामायिक न्हाणीघर, भाडं माणशी. सदाशिव, नारायण, नवी पेठ इथे अशा कॉट भरपूर आहेत, पण त्या बहुतांशी स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी भरलेल्या असतात. त्यांना शांतता हवी असते आणि ती त्यांच्या दृष्टीने जगण्यामरण्याची गोष्ट असते. त्यांच्यात राहून गाणं म्हणजे रोजचा तंटा, आणि त्यात चूक कुणाचीच नसते. म्हणून पेठ वर्गाच्या जवळ असली तरी गाणाऱ्याने तिथली कॉट फक्त तात्पुरती घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

वसतिगृह स्वस्त पडतं. विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्था ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींची राहण्याजेवणाची सोय अल्प खर्चात करतात. अच्युतराव आपट्यांनी 1955 साली सुरू केलेल्या या समितीने हजारो घरांतली पहिली शिकलेली पिढी सांभाळली. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम् योजना आहे. आपला अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे समाजकल्याण किंवा आदिवासी विकास कार्यालयात प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावं. नंतर मुदती निघून जातात. वसतिगृहात खोलीवर रियाज जवळजवळ अशक्य असतो. पण ज्याला विद्यालयात किंवा गुरूंकडे सकाळी बसण्याची जागा मिळते, त्याच्यासाठी वसतिगृहासारखं दुसरं काही नाही.

उपनगरांत चार जणांनी मिळून फ्लॅट घेणं हा तिसरा मार्ग. कर्वेनगर, वारजे, धनकवडी, वडगाव या भागांत विद्यार्थ्यांना जागा देण्याची सवय आहे. यात एकच पथ्य: चौघांतले किमान दोघे संगीताचे असावेत. एक गाणारा आणि तीन संगणकवाले अशा घरात तिघे रात्री दोनला झोपतात आणि एकटा पहाटे उठतो.

चौथा प्रकार मला सर्वांत आवडतो. एकट्या राहणाऱ्या किंवा मुलं परदेशी असलेल्या वयस्कर जोडप्याच्या घरातली एक खोली. पुण्यात अशी घरं आहेत आणि त्यांतल्या अनेकांना गाण्याचा कान आहे. सवाई गंधर्व महोत्सवाला वर्षानुवर्षं जाणारे आजोबा "सकाळी तोडी ऐकू आली तर बरंच" असं मनापासून म्हणतात. अशा घरात रात्री उशिरा येणं, मित्रमैत्रिणी आणणं, स्वयंपाकघर वापरणं यांवर बंधनं येतात. ती आधी बोलून घ्यावीत आणि पाळावीत. आजीआजोबांची औषधं आणून देणं, बँकेत सोबत जाणं एवढं केलं तर हे घर दुसरं माहेर होतं. त्याचा उल्लेख कुठल्याच भाडेकरारात नसतो, आणि तरी परगावाहून आलेल्या कोवळ्या विद्यार्थ्याला त्याची गरज सर्वांत जास्त असते.

खोली पाहायला जाल तेव्हा डोळ्यांइतकेच कान वापरा. शक्यतो सकाळी सात-आठला जा, कारण तुमचा रियाज त्याच वेळी होणार आहे. पंप कुठे आहे, कुकरच्या शिट्ट्या कुठून येतात, रस्त्याचे भोंगे किती ऐकू येतात ते पाहा. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. ती बराच वेळ झणझणत राहिली तर खोली रिकामी, टाइल्सची आणि टणक भिंतींची आहे. तिथे आवाज फसवा मोठा आणि गोड वाटतो, सुरातली बारीक चूक लपते. गादी, कपड्यांचं कपाट, पडदा, पुस्तकं आली की हे कमी होतं. टाळी अगदीच विरून गेली तर उलटा त्रास: स्वतःचा आवाज पुरेसा परत येत नाही, म्हणून माणूस नकळत ताण देऊन गातो. टेकडीवर रियाज करणाऱ्यांचं हेच होतं. वेताळ टेकडीवर पहाटे गाणारे भेटतात आणि त्यांना पाहून बरं वाटतं, पण उघड्यावर आवाज परतून येत नाही हे त्यांनी लक्षात ठेवावं.

मग भिंती पाहा. सामायिक भिंत किती बाजूंना आहे? पलीकडे कुणाची झोपायची खोली आहे की जिना? कोपऱ्यातली खोली, तळमजला, जिन्याला लागून असलेली खोली या गाणाऱ्याच्या जागा. डक्टमध्ये उघडणारी खिडकी असेल तर तुमचा प्रत्येक आलाप सगळ्या मजल्यांच्या न्हाणीघरांत पोचेल. मुलं भिंतीला स्पंज किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवतात. त्याने खोलीतला घुमारा कमी होतो, पण आवाज बाहेर जाणं थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. दाराखालची फट पट्टी लावून बंद करणं आणि शेजारच्या भिंतीला पुस्तकांनी भरलेलं कपाट टेकवणं, हे दोन साधे उपाय त्या सगळ्या स्पंजापेक्षा जास्त काम करतात.

आणि मालकांशी बोलताना गाण्याची गोष्ट लपवू नका. "संगीत विषय घेतला आहे" एवढं मोघम सांगून खोली घेतली की पंधरा दिवसांत तक्रार येते आणि मग आपण खोटे ठरतो. स्पष्ट सांगा: "काका, मी रोज सकाळी सहा ते आठ गाते. माइक लावत नाही. रात्री नऊनंतर गात नाही." मग तिथेच बसून पाच मिनिटं गा आणि मालकांना बाहेर उभं राहून, दार लावून ऐकायला सांगा. नकार यायचा तर आजच येईल. होकार आला तर खालच्या-वरच्या घरी स्वतः जाऊन तेच सांगून या. वेळ ठरलेली असेल आणि ती पाळली जात असेल तर लोक आश्चर्य वाटावं इतकं सहन करतात. कधी गाणं सुरू होईल याचा नेम नसतो, तेव्हा मात्र त्यांचा धीर सुटतो.

सकाळी सहा ही वेळ मी मुद्दाम सांगतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरली आहे. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आणि रात्रीची 45 डेसिबल आहे. साधं बोलणंसुद्धा हातभरावरून 60 डेसिबलच्या आसपास जातं, तेव्हा खुल्या गळ्याचं गाणं खिडकीबाहेर किती जात असेल याचा अंदाज येईल. पहाटे चारला उठून खर्ज साधण्याची आपली जुनी शिस्त फार मोलाची आहे, पण ती मोकळ्या वाड्यांच्या काळातली. आज चार ते सहा या वेळात ओंकार, मंद्रातला हलका खर्ज, मनातल्या मनात पलटे आणि जुनी ध्वनिमुद्रणं ऐकणं असं ठेवलं तर कुणाची झोप मोडत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात गुंतागुंत वाटते तितकी नाही. पुण्यात सहसा 11 महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट काही सिद्ध होईपर्यंत भाडेकरूने सांगितलेल्या अटी खऱ्या धरल्या जातात. नोंदणी आता आधार आणि बोटांच्या ठशांवर घरबसल्याही होते. मुद्रांक शुल्क असतं 0.25 टक्के: एकूण भाडं अधिक अनामतीवरचं वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज, या रकमेवर. समजा भाडं महिना 10,000 आणि अनामत 30,000. अकरा महिन्यांचं भाडं 1,10,000, अनामतीवरचं व्याज 2,750, मिळून 1,12,750. त्याचे 0.25 टक्के म्हणजे सुमारे 282 रुपये. शहरी भागात नोंदणी फी 1,000 रुपये. एजंट याच कामाचे अनेक हजार सांगू लागला तर हे आकडे त्याच्यापुढे ठेवा. करारात एक ओळ आग्रहाने घालून घ्या: सकाळी अमुक ते अमुक वेळात ध्वनिवर्धकाशिवाय संगीताचा सराव करण्यास मालकांची हरकत नाही. घरी शिकवण्या घेणार असाल तर तेही लिहा. अनामत परत कधी आणि कशासाठी किती कापून, हेही. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती नोंदवली आहे ना, ते मालकांना विचारून घ्या.

खोली झाली. आता काम.

कामाचा हिशेब गळ्यापासून मांडायचा असं सुरुवातीला म्हटलं, त्यामागे शरीराचं गणित आहे. पुरुषांची नेहमीची पट्टी काळी एक. तिचा मधला षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे 139 कंपनं. तासभर फक्त हा षड्ज लावला तर स्वरतंतू सुमारे पाच लाख वेळा एकमेकांवर आदळतात. काळी चार पट्टीत गाणाऱ्या मुलीचा षड्ज सेकंदाला 208 च्या आसपास, म्हणजे तासाला साडेसात लाख. सकाळचे दोन तास रियाज, संध्याकाळी तालीम, मध्ये मित्रांशी गप्पा. यात आणखी तीन तास पार्टीतलं गाणं बसवलं तर तंतूंना विश्रांती उरत नाही. बसलेला आवाज घेऊन तालमीला जाणं म्हणजे गुरूंचा आणि स्वतःचा वेळ वाया घालवणं.

आणि तासांपेक्षा गोंगाट वाईट. एत्येन लोंबार्ड या फ्रेंच डॉक्टरने 1911 साली दाखवून दिलं की भोवती आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. ठरवूनही हे पुरतं थांबवता येत नाही. हॉटेलात, लग्नाच्या हॉलमध्ये, गणपतीच्या मांडवात हेच होतं. म्हणून कुठलंही काम घेण्याआधी विचारा: स्वतःचा आवाज ऐकू येईल असा मॉनिटर स्पीकर मिळणार का? साउंडवाला कोण आहे? हे विचारायला नवख्या गायकाला संकोच वाटतो. तो सोडून द्यावा.

या मोजपट्टीने पाहिलं तर परगावाहून आलेल्या विद्यार्थ्यासाठी सर्वांत चांगलं सुरुवातीचं काम मंगलाष्टकांचं. गाणं दहा-पंधरा मिनिटांचं, वेळ ठरलेली, बिदागी त्या मानाने चांगली. पण काम सोपं मात्र नाही. शार्दूलविक्रीडित वृत्तातले श्लोक, प्रत्येक चरणात 19 अक्षरं. ऱ्हस्व-दीर्घ चुकले की जाणत्या कानाला लगेच खटकतं. संस्कृत उच्चार स्वच्छ हवेत. दोन्ही घरांची नावं, आजीआजोबा, कुलदैवत, गाव हे गुंफून नवे श्लोक रचून द्यायचे असतात. ज्याला हे रचता येतं त्याला काम शोधावं लागत नाही. भूप, यमन, भीमपलास, शेवटी भैरवी अशा चाली आधी बांधून ठेवाव्यात.

कसोटी लागते ती मुहूर्ताच्या क्षणी. अंतरपाट धरलेला, सगळ्यांच्या हातांत अक्षता, गुरुजींचं लक्ष घड्याळाकडे. नवरी यायला उशीर झाला तर दोन श्लोक गाळायचे, घटिका बाकी असेल तर आणखी दोन गायचे किंवा आलापी वाढवायची. हे गुरुजींच्या नजरेकडे बघत, चेहऱ्यावर काही न दाखवता करावं लागतं. म्हणून लग्नाच्या आधी अर्धा तास जाऊन गुरुजींना भेटा, किती श्लोक आहेत ते सांगा, थांबण्याची खूण ठरवा. आणि पाकीट अक्षता पडण्याआधी घ्या, किंवा अर्धी रक्कम आगाऊ आणि उरलेली आदल्या दिवशी. नंतर बँड वाजतो, फोटो सुरू होतात, पंगती बसतात. यजमानांची नियत चांगली असली तरी ते हाताशी लागत नाहीत.

हे काम पंचांगावर चालतं. लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, पौषात थांबतात आणि माघापासून आषाढापर्यंत जोरात असतात. चातुर्मासात हल्ली काढीव मुहूर्तांवर काही लग्नं लागतात, पण ती तुरळक. सुदैवाने चातुर्मास हाच गाण्याच्या इतर कामांचा हंगाम आहे. आषाढी एकादशीला अभंगांचे कार्यक्रम, श्रावणात भजनं आणि मंगळागौरीची गाणी, भाद्रपदात सोसायट्यांचे गणपती, मग नवरात्र, मग दिवाळी पहाट. कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत देवळांतून काकड आरती. चैत्रात रामनवमीला गीतरामायण. ते 1955 च्या रामनवमीला पुण्याच्याच आकाशवाणीवरून सुरू झालं. एकूण 56 गीतं आहेत, आणि त्यांतली आठ-दहा नीट बसवलेला विद्यार्थी दर चैत्रात कुठे ना कुठे गातोच. तेव्हा जूनमध्ये शहरात आलेल्याने लगेच लग्नांच्या मागे न लागता आधी दहा अभंग, चार नाट्यपदं आणि गणपतीची सहा गाणी पक्की करावीत. पहिलं उत्पन्न तिथूनच येईल.

महिन्याच्या महिन्याला हाती पडणारे पैसे मात्र शिकवण्यांतून येतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, साधारण एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा असे टप्पे चढणारी मुलं प्रत्येक उपनगरात आहेत. विशारदच्या वाटेवर असलेला विद्यार्थी प्रवेशिकेच्या मुलांना छान शिकवू शकतो. पाच-सहा मुलांचा गट, आठवड्याचे दोन दिवस, दुपारी चार ते सहा, तालमीच्या आड न येणारी वेळ. दुसरं म्हणजे भजनी मंडळं. सोसायटीतल्या बायकांना आठवड्यातून एकदा नवं भजन शिकवायचं, स्पर्धेआधी जास्तीच्या तालमी. या कामातला जिव्हाळा मोठा असतो, डबेही मिळतात. पण तिथली पट्टी सहसा तुमच्यापेक्षा खाली असते. तरुण मुलीने तासभर त्या पट्टीत ओढून गायलं तर तिचा आवाज दुसऱ्या दिवशी खरखरतो. पेटीवर ओळ वाजवून दाखवावी, एकदाच गावी आणि मंडळाला गाऊ द्यावं.

परदेशातल्या मराठी मुलांना ऑनलाइन शिकवणं हा अलीकडचा मोठा आधार आहे. इथे घड्याळ पाहून होकार द्या. कॅलिफोर्नियातल्या मुलाची उन्हाळ्यातली संध्याकाळी सहाची वेळ म्हणजे आपली सकाळ, साडेसहा वाजलेले. नेमका रियाजाचा मधला भाग. लंडनचे संध्याकाळचे पाच म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ. दुबईचे पाच म्हणजे साडेसहा, ती वेळ बरी. अमेरिकेतले विद्यार्थी घ्यायचेच तर त्यांची सकाळ आणि आपली संध्याकाळ जुळवून शनिवार-रविवारी घ्यावेत. चांगल्या फीसाठी रोजची सकाळ विकलेली मुलं मी पाहिली आहेत. दोन वर्षांनी त्यांच्याकडे पैसे होते आणि गाणं जिथल्या तिथे होतं. हे पाहून वाईट वाटतं.

ऑर्केस्ट्रा आणि हॉटेलातली गाणी यांना मी सरसकट नाही म्हणणार नाही. घरची परिस्थिती बेताची असेल तर ते करावं लागतं, आणि त्यात माइक कसा धरावा, लोकांसमोर कसं उभं राहावं हे शिकायलाही मिळतं. पण रात्री अकरापर्यंतचं जागरण आणि मूळ गायिकेच्या पट्टीत बांधलेला ट्रॅक या दोन्हींचा दाम गळा चुकवतो. महिन्यातून दोनपेक्षा जास्त सुपाऱ्या घेऊ नयेत, ट्रॅकची पट्टी आधी बदलून मागावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त मंद्र सप्तकात थोडा वेळ गावं. स्टुडिओतलं कोरसचं काम यापेक्षा गळ्याला खूप सौम्य असतं. तिथे स्वरलिपी पटकन वाचता येणं आणि दुसऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळता येणं याला किंमत आहे.

तंबोऱ्याच्या साथीला पैसे थोडे मिळतात. तरी ती कधी सोडू नये. मैफलीत कलाकाराच्या मागे दोन तास बसून त्याचा श्वास, त्याची सम, श्रोत्यांकडे पाहून त्याने बदललेली बंदिश जवळून बघता येते. ही तालीमच आहे.

यातलं काहीही घेण्याआधी गुरूंना विचारा. पुष्कळ गुरू काही काळ जाहीर कार्यक्रम करू देत नाहीत. आवाज घडत असताना तो बाहेर ताणला जाऊ नये, असा त्यामागे विचार असतो. घरची आर्थिक अडचण त्यांना मोकळेपणाने सांगितली तर तेच शिकवण्या मिळवून देतात. पोटासाठी दुसरं काम करत गाणं वाढवण्याची परंपरा मोठ्यांची आहे. गोव्यातल्या मंगेशीहून आलेल्या जितेंद्र अभिषेकींनी आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर कोकणी विभागात नोकरी केली आणि त्याच काळात शिकणं चालू ठेवलं. 'बुवा, मला फीचे पैसे उभे करायचे आहेत' हे सांगण्यात कमीपणा काहीच नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. 'संधी देतोय, मानधन पुढच्या वेळी' असं म्हणणाऱ्याकडे एकदा जायला हरकत नाही, तेही देवळात किंवा ज्येष्ठांच्या संघात. तिकीट लावलेल्या कार्यक्रमात नाही. ठरलेली रक्कम, वेळ, गाण्यांची संख्या आणि जाण्यायेण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. संस्था कधी 10 टक्के कर कापून पैसे देतात. विद्यार्थ्याचं उत्पन्न कमी असतं, म्हणून विवरणपत्र भरलं की तो परत मिळतो. त्यासाठी पॅन कार्ड आणि पावत्या जपून ठेवा.

मुलींच्या बाबतीत वसतिगृहाचं फाटक हा खरा प्रश्न आहे. नऊ-साडेनऊला फाटक बंद आणि कार्यक्रम दहाला संपतो. प्रवेश घेतानाच व्यवस्थापिकेला सांगून, कार्यक्रमाच्या दिवशी गुरूंचं किंवा आयोजकांचं पत्र दिलं तर उशिरा येऊ देतील का, हे लेखी ठरवून घ्यावं. रात्री परत सोडण्याची जबाबदारी आयोजकांची, आणि गाडीत समूहातली आणखी एक तरी मुलगी हवी. हे मान्य नसलेलं काम कितीही मोठं असलं तरी घेऊ नये.

शिष्यवृत्तीचे अर्ज कामाच्या बरोबरीने चालू ठेवा. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती 18 ते 25 वयोगटासाठी आहे. महिना 5,000 रुपये, दोन वर्षं. राज्य शासनाचीही भीमसेन जोशींच्या नावाने शास्त्रीय संगीतासाठी शिष्यवृत्ती आहे. विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना आहे. ग्रंथालयातलं, कार्यालयातलं काम, ज्यात गळा वापरावा लागत नाही. गाणाऱ्यासाठी हे शेवटचं वैशिष्ट्य फार मोलाचं आहे, आणि गाण्याचंच काम हवं या हट्टापायी मुलं त्याकडे दुर्लक्ष करतात.

पहिल्या वर्षी खर्चाच्या निम्मे पैसे कामातून निघाले तरी पुष्कळ झालं, असं समजून घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. जून ते ऑक्टोबर घरचा आधार पूर्ण लागेल, दिवाळीनंतर थोडा कमी, माघापासून आणखी कमी. अकरा महिन्यांचा करार एप्रिल-मेमध्ये संपत येईल, नेमका परीक्षा आणि लग्नसराईच्या धामधुमीत. म्हणून खोली ठेवायची की सोडायची हे मार्चमध्येच ठरवा. त्याआधीच्या महिन्याभरात सकाळचा रियाज किती दिवस पुरा झाला आणि किती दिवस मोडला हे वहीत मांडून पाहा. तो कशाने मोडला, शेजाऱ्यांनी, प्रवासाने की रात्रीच्या कामाने, हेही लिहा. शेजारी किंवा प्रवास असेल तर मालकांना नोटीस द्या आणि जागा बदला. रात्रीचं काम असेल तर खोली तीच ठेवा आणि त्या कामाला नकार कळवा.